दसऱ्याचा बाण

बाबा, आज सकाळपासून जिवाला चैन नाही. सून दोनदा म्हणाली, "आत्याबाई, बसा ना घडीभर. काहून येरझाऱ्या घालून रायल्या?" तिला काय सांगू? दसरा जवळ आला की मला तुमच्याशी भांडावंसं वाटतं, आणि तुम्ही तर केव्हाच गेलात. नवऱ्यानं शिकवलेली चार अक्षरं हाताशी आहेत, म्हणून लिहूनच भांडते.

विलायतेत कापसाचा तुटवडा पडला आणि आपल्या गावाला कापसाचं वेड लागलं, त्या सालची गोष्ट. ज्वारी सोडून सगळ्यांनी पऱ्हाटी पेरली होती. दादा गाडीबैल घेऊन अमरावतीच्या बाजारात पडीक. दसऱ्याला शिवेवर बाण सोडायचा मान आपल्या घराचा. तो नाल्यापार पडला की मगच गाव सोनं लुटायला निघायचं; अलीकडे पडला तर साल वाईट. त्या वर्षी तर साऱ्या गावाचा जीव त्या बाणात अडकलेला, आणि तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आईमागं बाण घडवायला घरात उरलं कोण, तर मी.

अजून डोळ्यांपुढं दिसतं: मी चुलीपुढं बसले आहे. धामणीच्या झाडाची काडी निखाऱ्यावर शेकते, तेल चोळते, अंगठ्यानं दाबून सरळ करते. पिसं बांधायला घेतली तशी तुम्ही कडाडलात, "ठेव ते पिसं! पिसानं काडीची खोट झाकल्या जाते. आधी नागडी सोडून पाह्य." मग अंगणात कडब्याच्या पेंढीवर मी बिनपिसाची काडी सोडायची आणि तुम्ही बाजेवरून विचारायचं, "रुतल्यावर काडीचं शेपूट एका अंगाले झुकलं का?"

"झुकलं, बाबा."

"मंग काडी ताठ हाये अजून, लवत नाई. खरवड."

विळ्यानं खरवडून खरवडून बोटं सोलवटली. शेवटी एकदा काडी पेंढीत सरळ रुतली. तुम्ही ती चाचपून पाहिलीत आणि म्हणालात, "आता बांध पिसं." शाबासकी काय ती एवढीच, पण मी दिवसभर हवेत होते.

दसऱ्याला शिवेवर पाटलांनी तुम्हाला विचारलं, "यंदाचा बाण कोनं केला? तुमाले तं दिसत नाई आता." मी बायकांच्या घोळक्यात कान टवकारून उभी. तुम्ही म्हणालात, "घरचाच हाये." सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. तो त्याच सकाळी अमरावतीहून आलेला, पण त्यानं सरळ धनुष्य उचललं. त्यानं बाण सोडला, बाण नाल्यापार गेला, आणि पाटलांनी फेटा बांधला तो दादाला. तुम्ही काठीवर रेलून हसत होतात.

पोरीच्या हातचा म्हटलं असतं तर गावानं तो शिवेवर नेऊ दिला नसता, माझी सोयरीकही अडली असती. हे मला कळतं हो. पण कळलं म्हणून राग जातो का? घरी आल्यावर, आपण दोघंच असताना, एक शब्द बोलायचा होता. तुम्ही जेवलात आणि निजलात. पुढचा दसरा तुम्ही पाहिलाच नाही.

हे पत्र कुठं धाडणार? चुलीतच जाईल. पण एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. दादानं दोरी ताणली तेव्हा मी डोळे मिटून देवाला म्हटलं होतं, बाण अलीकडेच पडू दे. पडला असता, तर दोष द्यायला का होईना, तुम्ही तिथल्या तिथं साऱ्या गावाला सांगितलं असतं, "पोरीनं केला व्हता."