पोट न उघडता

खामगाव, ८ जानेवारी १९६८

ती. बाबांस,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

हे बापाले लिहायचं नसते, पण आई नाही, मंग कोणाले लिहू? पाळीत माह्या पोटात कळा येतात, हे तुमाले लग्नाआधीपासून ठाऊक आहे. आता तर उभंही राहवत नाही. इथल्या डाक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भपिशवीचं अस्तर भलत्या जागी वाढलं असन. पण पोट उघडून पाह्यल्याशिवाय खात्री नाही. सासूबाई म्हणतात, लेकरू नाही म्हणून हे सोंग. बाबा, आईले असंच आपरेशनच्या टेबलावर नेलं होतं अन् ती परत आली नाही. मले लय भेव वाटते.

माया असू द्या.
तुमची वच्छला

देऊळघाट, १२ जानेवारी

चि. सौ. वच्छलास अनेक आशीर्वाद.

आपरेशनले नाही म्हणून दे. पोरी, मागं आपल्या शेजारच्या उकंडरावले मुदतीचा ताप, टायफाइड होता, तवा बुलढाण्यात रक्त पाहूनच सांगतलं. रक्त रोगाशी झगडलं की त्याची निशाणी रक्तात राह्यते म्हणे. मंग तुह्या दुखण्याची काऊन राहत नसन? बाईले माह्या नावानं विचार. अन् काना-मात्रा अजून खातेस, भेवातही ध्यान दे.

तुहा बाप,
पंजाबराव

खामगाव, १६ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न.

विचारलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या बाबांचं बरोबर आहे, रक्तात खूण असेलही. पण ती ओळखायची तपासणी अजून कोणापाशी नाही. पोट दाबलं की हाताले गाठ लागते, ती फुटली तर जिवावर बेतन. सोमवारी टेबलावर नेतात. रात्री मी यांचा हात सोडत नाही. तुम्ही या.

वच्छला

खामगाव, ३० जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न.

हे अक्षर माहंच आहे, नीट पाहा. मी आहे.

गाठ निघाली, काळ्या रक्तानं भरलेली. बाईनं सासूबाईले बोलावून दाखवली. तवापासून माही वेणी त्याच घालतात. दुखणं पुन्हा उलटू शकते. तवाही पोट उघडूनच पाहसान का, असं मी विचारलं. बाई खाली पाहून हो म्हणाल्या. ते ऐकून अजून झोप लागत नाही.

हे सांगत होते, तुम्ही दिवसभर दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते, अन् मी शुद्धीवर आली हे ऐकून, न भेटताच मोटर धरून गेले. काऊन बाबा? मी रागावली नाही. पण डोळे उघडल्यावर मी तुमालेच शोधत होती.

रविवारी आत या. मी आता उठून बसते.

तुमचीच,
वच्छला