शाळूवरून पळालेलं गाठोडं

प्रति,
मेहेरबान कप्तान साहेब,
मलायाहून परतलेल्या पलटणीची छावणी,
मुक्काम जालना.

अर्जदार: झुंबरबाई, राहणार मौजे बोरवाडी, मंठ्याच्या वाटेवर.
लिहिणार: बदरोद्दीन, अर्जनवीस, बैठक कचेरीपुढील लिंबाखाली.

विषय: मयत शिपाई पुंजाराम याची आठवण त्याच्या सोबत्यांना विचारू देणेबाबत.

संदर्भ: छावणीच्या फाटकावर पहारेकऱ्याने गेल्या बाजारी दिलेला तोंडी नकार.

महोदय,

१. अर्जदार बाई ही मयत पुंजाराम याची थोरली बहीण आहे. आई वारली तेव्हा पुंजाराम रांगत होता. बाई त्याच सुमारास विधवा होऊन माहेरी आली आणि तिने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. पुंजाराम जपान्यांच्या कैदेत तापाने वारला, असा सरकारी कागद पोचला आहे. त्या कागदाबद्दल बाईची तक्रार नाही. बाई पेन्शनही मागत नाही. हे आधीच लिहिण्याचे कारण असे की, छावणीतले कारकून साहेब बाई दिसली रे दिसली की "पैशाचं काम मंगळवारी" म्हणून तोंड फिरवतात. बाईचे काम पैशाचे नाही, सबब मंगळवारीही होत नाही.

२. अर्ज उर्दूत, म्हणजे दरबारी भाषेत, लिहिला असता तर हुजुरांना वाचण्यास सोपा गेला असता, हे अर्जनवीस जाणून आहे. परंतु अंगठा घेण्याआधी अर्ज मोठ्याने वाचून दाखवण्याचा या लिंबाखालचा रिवाज आहे, आणि बाई म्हणाली, "वाचताल ते मला समजलं पाह्यजे, न्हाईतर मी कशाला अंगठा देऊ?" सबब मराठी.

३. मयतीचा कागद आल्यावर चुलतभाऊ कारभारी याने ओढ्यावर दहावा केला. पिंड मांडला. कावळे बाभळीवर येऊन बसले होते, एकही खाली उतरला नाही. ऊन डोक्यावर आले, मंडळी ताटकळली. कारभारीने हात जोडून, तुझ्या वाट्याचं शेत कुणी बळकावणार न्हाई, असे सांगितले. कावळा ढिम्म. लोक म्हणू लागले, पोराच्या मनात काहीतरी राह्यलं बरं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी घरी गेली. पण "मनात काहीतरी राह्यलं" हे शब्द बाईच्या काळजात रुतले, कारण काय राह्यलं ते तिला एकटीला ठाऊक होते.

येथे अर्जनवीसाने बाईस समजावले की, बाई, लष्करात कावळ्याचे खाते नाही, साहेब हसतील. बाई म्हणाली, "हसू द्या. हसायला तरी वाचतील." सबब कलम तसेच ठेवले आहे.

४. हकीकत अशी. पुंजारामने घरी न विचारता पलटणीत नाव दिले आणि जायच्या आदल्या दिवशी सांगितले. बाईचा राग अनावर झाला. वाढलेले ताट पुढे असताना ती बोलून गेली, "आता या घरातलं तुझं दाणापाणी सरलं." पुंजाराम घास खाली ठेवून उठला. वाढत्या अंगाच्या पोराला असे बोलू नये, हे तिला तेव्हाच कळले. पण जीभ सुटली की सुटली, तिला वेसण थोडीच असते!

पहाटे उठून बाईने धपाटे थापले. तीळ लावून, लसूण-मिरची सढळ हाताने घालून, त्याला आवडतात तसे. लाल चौकड्याच्या फडक्यात बांधले. आता हे हातात द्यायचे तर बोलावे लागणार, आणि बोलायचे तर आधी नमावे लागणार. बाई पडली ताठ्याची. तिने गाठोडे ओट्यावर ठेवले आणि आपण चुलीशी जाऊन बसली. येता-जाता दिसेल, उचलेल, असा हिशेब. पुंजारामने देवाला हात जोडले, चुलीकडे तोंड करून "येतो आक्का" म्हणाला आणि मान खाली घालून गेला. ओट्याकडे त्याने पाहिलेच नाही.

५. बाई बाहेर आली तो गाठोडे जागच्या जागी! पुंजाराम वेशीपाशी पोचला होता. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण साहेब, लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. आमच्या घरी मारत नाहीत, तिच्या घरी मारत नाहीत. अपशकुन होतो. पलटणीत निघालेल्या पोराला तर नाहीच नाही. बाईने तोंडात पदर कोंबला. मग तिला सुचले की मागून नको, समोरून जाऊन गाठावे. वेशीवर पलटणीची लारी न्यायला आली होती, आणि सडक शिवाराला वळसा घालून जाते. बाई गाठोडे डोक्यावर धरून उभ्या शाळूतून आडवी धावत सुटली. पाती तोंडाला कापत होती. सडकेवर पोचली तेव्हा लारी पुढे गेली होती आणि नुसता धुरळा होता. त्या वेळीसुद्धा तिने हाक मारली नाही. लारी पुढे गेली तरी हाक मागूनच!

६. तेव्हापासून बाईच्या जिवाला एकच गोष्ट खाते. पुंजाराम असे समजून गेला की बहिणीने बोलल्याप्रमाणे खरेच दाणापाणी तोडले, आणि उपाशी घालवला. शकुन सांभाळला, आणि भाऊ तर गेलाच. बाई म्हणते, हाक मारली असती तर अपशकुनाला निदान कारण तरी झालं असतं. ती त्या दिवसापासून धपाटे करत नाही आणि कुणी ताटात वाढले तर उठून जाते. गावातल्या बायकांना वाटते की तिचे दात गेले.

७. सबब बाईची मूळ मागणी अशी होती की, पलटण रांगेत उभी असेल तेव्हा हुजुरांनी मोठ्या आवाजात विचारावे: बोरवाडीच्या पुंजारामसंगे कोण राहिले, वाटेत त्याच्या पोटात काही गेले होते का, आणि बहिणीबद्दल तो काय बोलायचा. शिवी दिली असली तरी जशीच्या तशी सांगावी. बाई ती ऐकून घेईल. फाटकावर बाईने हेच सांगितले, तेव्हा पहारेकरी म्हणाला, "इथं आठवण द्यायचं काम होत न्हाई." बिलकुल खरे आहे. मग ते कुठे होते, हे त्याने सांगितले नाही.

८. येथवर लिहून अर्जनवीसाने रिवाजाप्रमाणे अर्ज मोठ्याने वाचला. पलीकडे आपल्या अर्जासाठी एक जण कुबडी मांडीवर घेऊन बसला होता. नाव कमरोद्दीन, राहणार भोकरदनकडचा, आपल्याच पलटणीचा शिपाई. 'लाल चौकड्याचे फडके' वाचले तसा तो उठून उभा राहिला. त्याने जे सांगितले ते अर्जनवीसाने त्याच्याच शब्दांत उतरवून घेतले आहे:

"म्या त्याच लारीत होतो. पुंजाराम माझ्याजवळ बसल्ता. शाळूच्या कणसांवरून एक लाल गाठोडं पळत येऊन राह्यलं, खाली माणूस दिसंना, नुसतं गाठोडं! आम्ही हसायलो. पुंजाराम म्हणला, हसू नका, माझी आक्का हाय. म्या म्हणलं, मंग हाक मार की, लारी थांबवू. तर म्हणला, न्हाई बाबा, निघालेल्यानं मागं वळून हाक मारू न्हाई, तिच्या जिवाला लागंल. अन् गाठोडं दिसायचं बंद होईस्तोवर डोळे पुसत बसल्ता."

साहेब, एकाच शेताच्या दोन कडांना बहीण-भाऊ एकमेकांच्या जिवाला जपत मुके राहिले! अर्जनवीसाने या लिंबाखाली खून-दरोड्याचेही अर्ज लिहिले आहेत, पण कागद कधी खराब केला नव्हता. कागदावर शाईचा डाग पडला आहे तो त्या वेळचा. माफी असावी.

९. बाईने विचारले, तो उपाशी गेला का? कमरोद्दीन म्हणाला, "माझ्यातलं खाल्लं, पण अर्धं." त्याने खोटे सांगितले नाही. पुढचेही त्यानेच सांगितले. कैदेत भूक फार झाली की पुंजाराम सगळ्यांना भोवती बसवायचा, रिकामे हात फडक्याची गाठ सोडल्यासारखे करायचा आणि धपाटे वाटायचा. हा तुझा, तिळाचा. तुला तिखट सोसत न्हाई, तू दह्यासंगं घे. लोक खरेच चावून खायचे. "आक्कानं बांधून दिलेत," असे तो दर वेळी म्हणायचा. आणि म्हणायचा, सुटलो की सगळे माझ्या गावी चला, आक्का तुम्हाला करून घालंल, हा माझा शब्द. शेवटच्या तापात काय बोलला ते कमरोद्दीनला कळले नाही.

बाईने तोंड पुसले. म्हणाली, "माफ केलं त्यानं. पण पोरगं अर्ध्या पोटी गेलं, ते काय मिटतंय?" मग एकदम म्हणाली, "कावळा का शिवला न्हाई ते आत्ता खरं समजलं." पुंजारामने सोबत्यांना धपाट्यांचा शब्द दिला होता तो राहिला आहे.

१०. तरी विषय बदलून विनंती अशी की, बाईस धपाट्यांची पाटी घेऊन छावणीच्या फाटकाच्या आत येऊ द्यावे. ज्यांनी ते नुसते ऐकून खाल्ले, त्यांच्या हातात एकेक पडावा. तिखट न सोसणाऱ्यासाठी दही बाई आणील. त्या शिपायाचे नाव कमरोद्दीनला आठवत नाही, सबब दही सर्वांपुढे फिरवण्यात येईल. पलटणीतील लोक आता आपापल्या गावी सुटणार आहेत असे ऐकतो. हुकूम त्याआधी जल्दी व्हावा. लाऱ्या एकदा फाटकाबाहेर पडल्या तर बाई पाटी घेऊन धावेल, यात शंका नाही, पण ती मागून हाक मारणार नाही.

हुकुमाची वाट पाहत फाटकासमोर बसलेली,
आपली नम्र अर्जदार,
झुंबरबाई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

अर्ज वाचून दाखवला, बाईने दोनदा ऐकला.
बदरोद्दीन, अर्जनवीस

मुक्काम जालना, माहे खुर्दाद, सन १३५५ फसली (इंग्रजी एप्रिल १९४६)

सोबत: मयतीच्या कागदाची नक्कल. लाल चौकड्याचे फडके, रिकामे. रांगेत दाखवून झाल्यावर बाईस परत मिळावे, धपाटे त्यातच बांधायचे आहेत.