गाडी सरकारची, डबा आपला

आई, आज मी कामणच्या पलीकडल्या जंगलात गाडी अडकवली. आरोग्य खात्याची नव्हे, आमच्या ह्यांची. खात्याची जीप बिघडलेली, पाड्यावर लसीकरण ठरलेलं, म्हणून मीच ह्यांची फोर-बाय-फोर काढली. निघताना काय तो माझा रुबाब! घेतल्यापासून त्या गाडीने चंदनसारच्या खड्ड्यांपलीकडे काही पाहिलेलं नाही, आणि हे तिला लेकीपेक्षा जपतात. ओरखडा तेवढा पाडू नकोस, असं दहादा बजावून झालं.

गणपती गेले तरी पाऊस हटलेला नाही. चढावरची माती पार लोणी झालेली. गिअरशेजारचा दुसरा दांडा टाकून चारही चाकांना जोर दिला, तरी गाडी घसरली आणि कडेच्या चरात जाऊन बसली. माझा दरवाजा दरडीला चिकटला. पलीकडचा उघडला असता, पण त्याच्यासमोर हा एवढा दगड. उघडला की पत्रा खरवडणार. फोनला रेंज नाही. पुढे घेते, मागे घेते, चाकं जागच्या जागी भिरभिरतायत, क्लचचा जळका वास नाकात बसलाय. शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला लसींचा डबा. आतला बर्फ किती दम धरणार, आणि पोरांना घेऊन बसलेल्या बायका तरी किती वाट बघणार? त्यांनाही शेतावर जायचं असतं. आणि मी, शहाणी, एका पत्र्यापायी कोंडून बसले होते. घाम फुटला, रडू आलं, नवऱ्याचा राग आला, आणि मग तुझा.

तुझा राग तर जुनाच आहे. तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली, तरी तो गेला नाही. तूही नर्सच, तुझीही जीप याच जंगलात अडकायची, आणि मी शेजारच्या काकूंच्या पायरीवर दप्तर घेऊन बसायचे. दिवेलागणीला तू यायचीस, साडीला गुडघ्यापर्यंत चिखल. जीप टाकून चालत कशाला जातेस, असं काकूंनी एकदा विचारलं, तर तू पटकन म्हणालीस, "गाडी सरकारची, डबा आपला." त्याच दिवशी मीही विचारलं होतं, "तिकडे असताना तुला माझी आठवण तरी येते का गं?" तू मोरीत डबा धूत होतीस. धूतच राहिलीस. ते मी तुला कधी माफ केलं नाही.

आज गाडीत बसल्या बसल्या तुझं ते काकूंना दिलेलं उत्तर आठवलं आणि मी पलीकडचा दरवाजा लाथेने ढकलला. पत्र्याचा जो आवाज झाला, तो अजून कानात आहे. अंग चोरून बाहेर पडले, डबा खांद्याला लावला आणि चिखल तुडवत निघाले. पाड्यावर बायका बसूनच होत्या. एकीने तांब्या पुढे केला, "बाय, आदी पानी पी." मी आधी झाकण उघडलं. बर्फ होता. मग एकेका पोराने सुई बघून जो टाहो फोडला, तो ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नंतर त्यांनीच ट्रॅक्टर आणून गाडी बाहेर ओढली.

घरी पोचेपर्यंत अंधार झाला. लेक शेजारच्यांकडे पेंगत बसली होती. ह्यांनी कामावरून आल्यावर दरवाजा पाहिला आणि बोलणं बंद केलं, ते चालायचंच. लेकीने मात्र माझ्या चिखलाच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आई, तिकडे माझी आठवण आली होती?"

"आली ना राणी, सारखी येत होती," मी म्हणाले. ती खूश होऊन झोपली.

आता डबा धुऊन मोरीत पालथा घातलाय. तू हे वाचणार नाहीस, म्हणूनच लिहिता येतंय. गाडीतून उतरल्यापासून माझ्या डोक्यात बर्फाशिवाय काही नव्हतं. लेक एकदाही आठवली नाही. मी खोटं बोलले, आई. तू निदान बोलली नव्हतीस.