कमलची पायरी

शनिवार, सायंकाळी. पडेगाव.

आज गॅरेजवाल्या सलीमभाईंनी माझ्या जुन्या पिकअपचे मडगार्ड ठोकून सरळ केले. डाव्या फूटबोर्डाखाली मी जोडलेली लोखंडी पायरी पाहून म्हणाले, "काका, ही काय कंपनीची नाय. लई बेढब दिसती. काढू का?"

"काढा. गाडी मूळ स्वरूपात असावी," असे मी ताठपणे म्हणालो. त्यांनी ती कापली.

माझ्या पत्नीचा, कमलचा, पाय वर पोहोचत नसे, म्हणून ती पायरी. तिला जाऊन दोन वर्षे झाली. मग मी "नको" असे का म्हणालो नाही? कारण सांगताना आवाज हलला असता.

पायरी अजून त्यांच्या भंगारात आहे. उद्या पुन्हा जोडण्यास सांगेन. गुडघा दुखतो, असे म्हणता आले असते. परंतु पायरी डावीकडची, आणि मी बसतो उजवीकडे, स्टिअरिंगवर.

म्हणजे खरेच सांगावे लागेल.