न्यूट्रलमध्ये फिरणारं चाक

खंडेनवमी, संध्याकाळ. विद्यानगर.

पूजेसाठी नवी मोटारसायकल मधल्या स्टँडवर चढवली, न्यूट्रलमध्ये चालू केली, तर मागचं चाक आपलं आपणच फिरायला लागलं! झेंडूची माळसुद्धा गुंडाळून घेतली. गिअरच नाही, मग फिरवतंय कोण? इंजिन बंद करून हातानं फिरवलं, तर ब्रेकला घासून लगेच थांबलं. फिरू नये तेव्हा फिरतं, फिरावं तेव्हा अडतं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक हसला, “गिअर का तेल थोडा खेंचताइच, ब्रेक थोडा लगताइच. नॉर्मल है साब, डरो नक्को.” दोन्ही नॉर्मल? कसं काय?

आई म्हणाली, “तुझ्या बाबांनी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला होता. तुला आबिड्सच्या दुकानात गेल्या गेल्या मिळाली. खोट असणारच.”

मलाही तेच वाटत होतं, पण बोलू कसं? पुन्हा चालू केली. पुन्हा तेच.

मग आईनंच अंगणातला खराटा उचलून फिरत्या चाकाला टेकवला. चाक गप थांबलं. इंजिन चालूच!

“खराट्याला भितंय की हे! चल, नामपल्लीला जाऊन येऊ,” म्हणत ती मागं बसली.

गेलो. सुखरूप आलो. मला अजून काहीच कळलेलं नाही. आणि आईला? घरी येईपर्यंत तिनं हातातला खराटा सोडला नव्हता.