दारातला मुलगा

१४ फेब्रुवारी

चि. बंड्यास,

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त आज दातओठ खाऊन. माझा गुडघा बरा आहे, गॅलरीतल्या कुंड्या जगल्या आहेत आणि रविवारच्या व्याख्यानाला वाचनालयाने मला अध्यक्ष केलं आहे. व्याख्यान तुझ्या लेकीचं, तिच्याच पुस्तकावर: पुराणकथांचं मनोविश्लेषण. ते रद्द करा म्हणणाऱ्या निवेदनावर पहिली सही तुझी.

मी तिथे हयातभर ग्रंथपाल होते. चिडलेले वाचक पुष्कळ पाहिले. पण न वाचता चिडलेला माझ्या सख्ख्या घरात निघावा? ‘पुस्तकातली विटंबना करणारी चित्रं’ असं तुम्ही लिहिलंय. बंड्या, पुस्तकात एकही चित्र नाही.

फोनवर म्हणालास, मी कॉन्व्हेंटची, मला आपल्या देवांचं काय कळतं. सिस्टरांनी मला पुस्तक शेवटपर्यंत वाचायला शिकवलं. देव आईने शिकवले. मलाही सगळं पटलेलं नाही. गणपतीच्या सोंडेवरून तुझी लेक जे सुचवते ते ओढूनताणून आणलेलं आहे, असं तिच्या तोंडावर सांगितलं. ती हसली. म्हणाली, “आत्या, हेच रविवारी सगळ्यांसमोर विचार.” वाद असा घालतात.

पण गणपतीच्या जन्माचं प्रकरण वाच. आई आत, मुलगा दारात. बाप येतो, मुलगा वाट अडवतो, बापाचा हात उठतो. ती विचारते, पुन्हा जिवंत झालेल्या त्या मुलाने बापाला नमस्कार केला, तेव्हा त्याची भीती कुठे गेली?

तिथे मी पुस्तक मिटलं.

तुझ्या भुवईवरची खूण जिन्यावरून पडल्याची, असं आपण सगळ्यांना सांगत आलो. आईच्या खोलीच्या दारात तू हात पसरून उभा होतास. “आत जायचं नाही, बाबा.” एवढंच म्हणालास. मी आत तिला धरून बसले होते. तुझ्या लेकीला यातलं काही ठाऊक नाही; सांगायचं तर तूच सांगशील. पण पुस्तकात तुला अपमान देवाचा दिसला की बाबांचा, ते स्वतःला विचार.

सही मागे घे म्हणणार नाही. व्याख्यान होणार आणि अध्यक्ष मीच असणार. तुमची माणसं सभागृहाचं दार अडवणार आहेत म्हणे. तूही खुशाल ये. या वेळी आत तुझी मुलगी आहे. दारात तोंड कुणीकडे करून उभं राहायचं, हे तुला कुणी शिकवायला नको.

तेव्हाही आत असलेली, रविवारीही आत असणारी,
तुझी ताई