क्लच नसलेली गाडी

रवि., ७ जून
अभिजितचा मेसेज. शनिवारी बिंतान बेट. सकाळची फेरीबोट, दिवसभर जंगलात बग्गी चालवायची, संध्याकाळी परत सिंगापूर. "एका बग्गीत एक बाबा, एक पिल्लू. मंद्या, तू तर काय, घाटातला ड्रायव्हर!" इरा सोफ्यावर नाचली. तेरा पूर्ण झाल्यापासून माझ्या कशावरही न नाचणारी मुलगी.
मला गाडी चालवता येत नाही. वहीत लिहायला कोणाची भीती? पुण्यात स्कूटर, इथे एमआरटी, म्हणजे मेट्रो. बारा वर्षं इथे आमच्यापैकी कुणाकडेच गाडी नाही, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोम., ८ जून
बायकोला, सु.ला, शनिवारी ऑफिसचं काम, ती येणार नाही. म्हणाली, "मंदार, इराला सांगून टाक."
काय सांगू? आईला हार्टचा त्रास झाला, धुक्यातून वरंधा घाट चढून तिला महाडहून पुण्याला आणलं, तेव्हा गाडी दादाने चालवली होती. इरा पाच वर्षांची असताना मी ती गोष्ट 'मी' करून सांगितली. नुसती हौस. मग दरवेळी थोडं मीठ-मसाला. हळूहळू दादा गोष्टीतून उतरलाच. गेल्या वर्षी शाळेत 'माझा हीरो' म्हणून तिने हेच लिहिलं, टीचरनी वर्गात वाचून दाखवलं. मी तेव्हाही गप्प. नालायकपणा, दुसरं काय.
आता माझं बाकी काही तिला पटत नाही. "बाबा, डोन्ट एग्झॅजरेट ला," तिच्या सिंगापुरी इंग्रजीत. एवढी एकच गोष्ट ती अजून खरी मानते.

बुध., १० जून
इरा ट्यूशनला. सराव. स्टुलावर बसलो, हातात ताट, पायाशी तीन चपला: क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर. यूट्यूबवर एक भाईसाहब हिंदीत शिकवतात. डावा पाय दाब, गियर टाक, हळू सोड. शंभर वेळा तरी केलं. सु. दारात उभी, हसून हसून बेजार. "ताट दे इकडे, जेवायचंय!"

शुक्र., १२ जून
सकाळी लिफ्टमध्ये धीर केला. "इरा, तो घाट आहे ना..." तेवढ्यात नवव्या मजल्यावर शेजारचे चिनी अंकल आत आले. राहिलं.
डावा पाय मात्र तयार. कुठेही बसलो की आपोआप दाबला जातो.

रवि., १४ जून
काल काहीच लिहिलं नाही, खांदे इतके दुखत होते. आज सगळं लिहितो!
बेटावर पोचलो. लाल माती, आदल्या दिवशीच्या पावसाचा राडा. पाच बग्ग्या, लोखंडी पिंजऱ्यासारख्या. हेल्मेट, गॉगल, पट्टे. गाईड काही समजावत होता, मी मनात 'दाब, टाक, सोड' घोकत होतो. तिथेच माती खाल्ली.
गाडीला क्लच नाही. दोनच पेडल. मी निघालो, डावा पाय शिकवल्याप्रमाणे धाडकन खाली, आणि तो पडला ब्रेकवर. कपाळ पुढे, गाडी जागेवर. पुन्हा तेच. चार वेळा! बाकीचे पुढे निघून गेले. गाईड ओरडतोय, "पेलान-पेलान, अंकल!" म्हणजे हळू. अहो, हळूच चाललंय, चालतच नाहीये!
इरा माझ्या पायाकडे बघत होती. मग माझ्याकडे. "बाबा, तुला चालवता येत नाही?"
म्हटलं, नाही. घाटात दादाकाका होता. मी नव्हतो.
"देन, तू कुठे होतास?"
"मागे. आजीचं डोकं मांडीवर घेऊन."
तिने मान समोर वळवली. गॉगलमुळे डोळे दिसेनात. मला वाटलं, गेली ही आपल्या हातातून. मग म्हणाली, "ओके. डावा पाय वर घे. सीटवर ठेव. राइट ओन्ली."
अर्धी मांडी घालून मी गाडी चालवली! इरा सूचना देतेय, मी ऐकतोय. "लेफ्ट. ब्रेक. आता दे, दे, दे!" पहिला चढ पार. दुसरा पार. पुढे मोठं डबकं, त्यात अभिजित जोरात घुसून रुतलेला, त्याचा मुलगा डोक्यापासून पायापर्यंत चिखलात. आम्ही पेलान-पेलान कडेकडेने गेलो आणि निघालो पलीकडे! अरे, काय ओरडलो आम्ही! दोघं. चिखल तोंडात गेला तरी ओरडतोय.
अभिजित मागून बोंबलला, "शेवटी घाटातला ड्रायव्हर तो!"
इरा बोलेल असं वाटलं. तिने हात वर करून त्याला टाटा केला फक्त.
आयुष्यात इतका आनंद कमी वेळा झाला असेल.

सोम., १५ जून
दादाला फोन करून सगळं कबूल केलं. तो पोट धरून हसला. "मंद्या, इरा ती गोष्ट सांगायची तेव्हा मला वाटायचं, गाडी कोणी चालवली ते मीच विसरलो!" मग म्हणाला, "पण आईला धरून तूच बसला होतास रे."
संध्याकाळी इराने माझं नाव ड्रायव्हिंगच्या थिअरी टेस्टला नोंदवलं. न विचारता.

गुरु., १८ जून
परवापासून इरा कमी बोलते. रागावली म्हणावं तर तसंही नाही. काहीतरी तपासून बघतेय.
आज जेवताना एकदम विचारलं, "बाबा, अजून असं काही आहे?"
सु. पोळी लाटता लाटता थांबली.
म्हटलं, आहे. दोन.
"बिग ऑर स्मॉल?"
"एक छोटं, एक मोठं."
"छोटं आधी," म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसली.